लग्नाआधीचे दात

खमरिया, जबलपूर

चि. मुक्तास,


तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. वरचे पटाशीचे दात पुढे आलेले, खाली समोर दाटी, आणि डावा सुळा रांगेबाहेर. माघात लग्न आहे, तोवर पारदर्शक अलाइनरने सगळं जागेवर येईल का, असं तू विचारलंस. नाही येणार. आणि येईल असं नुसते फोटो पाहून जो सांगेल, त्याच्याकडे जाऊ नकोस.

का नाही, ते समजून घे. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दातावर हलका, सतत दाब ठेवला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड पेशी हळूहळू खातात आणि मागे ताण पडतो तिथे नवं हाड भरतं. दात सरकतो तो असा. बरं चाललं तर महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. घाई म्हणून जोर वाढवला तर त्या जागचा रक्तपुरवठा तुटतो, पेशी मरतात, दात अडून बसतो आणि मुळाचं टोक झिजण्याची भीती असते. तुझ्यासाठी जागा करायला चार उपदाढा काढाव्या लागल्या, तर प्रत्येक ठिकाणी सात मिलिमीटरच्या आसपास फट पडेल. ती मिटवून मुळं सरळ उभी करायची म्हणजे दीड-दोन वर्षं धर. दात न काढता भागलं तर कमी लागतील. पण ते ठरवायला संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे आणि दातांचे साचे किंवा स्कॅन लागतात. दात पुढे आहेत की वरचा जबडाच पुढे आहे, की खालचाच मागे राहिलाय, हे फोटोतून कळत नाही. तू बारा वर्षांची असतीस आणि खालचा जबडा मागे असता, तर त्याच्या वाढीचा उपयोग करून घेता आला असता. आता वाढ थांबलीय, म्हणून आहे त्या हाडात दात बसवायचे. अंतर फारच मोठं असेल तर शस्त्रक्रिया. तुझ्या बाबतीत ती वेळ येईलसं वाटत नाही.

आता तारांविषयी. तू लिहिलंस, 'मेटलच्या तारा म्हणजे जुनं तंत्र.' हे मात्र मला पटत नाही. इथे माझ्याकडे खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतल्या लोकांची मुलं येतात. ही फॅक्टरी 1942 सालची, युद्धाच्या दिवसांतली, आणि तिथे हातात मायक्रोमीटर घेऊन आयुष्य काढलेले बाप आपल्या मुलाच्या तोंडात काय बसवणार ते बारकाईने बघतात. एकदा एका टर्नरला मी उष्णतेने जागी होणारी निकेल-टायटॅनियमची तार दाखवली. थंड पाण्यात बुडवली आणि बोटांनी वेडीवाकडी वाकवली. शिशासारखी मऊ झाली होती. मग त्याच्या तळहातावर ठेवली. बघता बघता ती वळवळली आणि पुन्हा पहिल्यासारखी कमानदार झाली. "मॅडम, ये तो ज़िंदा है," असं म्हणून त्याने ती स्वतः तीन-चारदा वाकवून पाहिली. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाती लागला, क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधताना. आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रियासन यांनी 1970 च्या दशकात तो दातांवर आणला. आपल्या फॅक्टरीचं काम आणि माझं काम यांचं इतकं जवळचं नातं आहे हे त्या टर्नरला सांगताना मला फार आनंद झाला होता. वेड्यावाकड्या दातांच्या रांगेत ही तार अडकवली की मूळच्या आकारात परत येण्याच्या ओढीने ती महिनोन् महिने हलका, एकसारखा जोर देत राहते. हाडाला नेमकं तेच हवं असतं.

तारा नकोशा वाटतात त्या दिसतात म्हणून, हे कळतं मला. तार धरून ठेवणारे ब्रॅकेट दातांच्याच रंगाच्या सिरॅमिकचेही मिळतात. ते ठिसूळ असतात, आणि त्यांना बांधणारे पांढरे रबर आपल्या वरणातल्या हळदीने लगेच पिवळे पडतात. पुढच्या भेटीत बदलून मिळतात, पण तोवर पिवळेच दिसतात. दातांच्या आतल्या बाजूने बसवायच्या तारासुद्धा असतात. त्या दिसत नाहीत, मात्र खर्च पुष्कळ, जिभेला सुरुवातीला टोचतं आणि बोलताना 'स', 'श' अडखळतात. दिवसभर फोनवर बोलायची तुझी नोकरी, म्हणून मी त्या सुचवणार नाही.

राहिले अलाइनर. ते मी स्वतः देते, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही. 1997 साली कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या दोघांनी कंपनी काढली आणि ही पद्धत जगभर गेली. दोघंही व्यवस्थापन शिकलेले, दंतवैद्य नव्हेत. स्कॅनवरून संगणकात दातांचा प्रवास छोट्या टप्प्यांत तोडतात आणि प्रत्येक टप्प्याचा पारदर्शक साचा बनवतात. एका साच्याने दात साधारण पाव मिलिमीटर हलतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा साचा. मुलगी शिस्तीची असेल, दाटी थोडी-मध्यम असेल, दातांत फटी असतील, तर काम सुरेख होतं. दात घासायला सोपं, हिरड्या निरोगी राहतात. पण गोल मुळाचा सुळा फिरवायचा, दात ओढून खाली आणायचा किंवा उपदाढा काढून झालेली मोठी फट मिटवताना मुळं उभी ठेवायची, ही कामं तारेला जास्त चांगली जमतात. तुझा तो डावा सुळाच मला विचारात पाडतो.

आणि ते साचे दिवसाचे 20 ते 22 तास घालायचे असतात. जेवताना काढायचे, ब्रश करून पुन्हा घालायचे. तुझ्या घरी केळवणांची रांग लागेल, चहा होईल, इथे आलीस की कमानिया गेटला बडकुलांकडची खव्याची जिलबी होईल. साखरेचं तोंड घेऊन साचा घातला तर ती साखर दाताला धरून बसते. दर वेळी उठून ब्रश करणार असलीस तरच हो म्हण.

घरी किट मागवून, स्वतःच ठसे घेऊन कंपनीला पाठवायचे, हा प्रकार मात्र करू नकोस. हिरडीखाली हाड किती उरलंय हे कोणी तपासलेलं नसताना दात हलवणं धोक्याचं आहे. असा घरपोच धंदा करणारी स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी अमेरिकी कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली, तेव्हा अर्ध्यावर असलेल्या लोकांना विचारायला कोणी उरलं नाही.

फोटोत तुझ्या दातांवर पांढरट, तपकिरी पट्टे दिसतात. तुझं लहानपण मंडल्याला गेलं. त्या जिल्ह्यातल्या तिलईपानीसारख्या गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त होतं; तिकडची पुष्कळ माणसं असेच दात घेऊन माझ्याकडे येतात. अशा दातांवर ब्रॅकेट नीट चिकटत नाहीत, अलाइनरसाठी दातांवर लावायचे छोटे उंचवटेही सुटतात. तिथे पुण्यात ज्या डॉक्टरांकडे जाशील त्यांना हे आधीच सांग, म्हणजे दात तयार करताना ते वेगळी काळजी घेतील. डॉक्टर बघताना दात सरळ करण्याच्या शाखेतलं एमडीएस झालंय का ते विचार. पैशांची अडचण असेल तर भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात जा. शिकणारी मुलं अध्यापकांच्या नजरेखाली काम करतात. वेळ जातो, पण घाईने काही होत नाही.

मुक्ता, लिहिताना मला सारखी एक मुलगी आठवते. इथलीच, क्वार्टरमधली. लग्नाच्या चार महिने आधी वडील घेऊन आले. मी दीड वर्ष सांगितलं. मुलाकडच्यांना तोंडात तारा चालणार नाहीत, असं म्हणून ते उठले. दुसरीकडे तिचे पुढचे चार चांगले दात तासून त्यांवर टोप्या बसवल्या. फोटो छान आले. तासलेलं दाताचं आवरण पुन्हा येत नाही, आणि त्या टोप्या तिला आयुष्यात परत परत बदलाव्या लागतील. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मुलाचे दात लग्नाआधी सरळ करून द्या म्हणून कोणी बाप धावत आलेला मी पाहिला नाही. मुलीचे येतात, तेही मुहूर्त धरल्यावर. याचा मला संताप येतो.

म्हणून तुला माझा सल्ला असा: आधी तपासणी कर. दात काढावे लागत असतील तर तारा लाव, नसतील तर अलाइनर चालतील. सुरुवात या महिन्यात झाली तर बोहल्यावर तू तारांसकट उभी राहशील. राहा खुशाल. फोटोपुरती तार काढायची म्हणून अर्धवट काम थांबवू नकोस. आणि सगळं संपल्यावरही दात जागेवर धरून ठेवणारा रात्रीचा रिटेनर सोडायचा नाही, कारण दातांना जुन्या जागी परतायची ओढ असते. खालच्या दातांमागे बारीक तार कायमची चिकटवून घेतलीस तर उत्तम.

एक्स-रे आणि स्कॅन झाले की मला पाठव.  सासूबाई काय म्हणतील याची तुला धास्ती आहे असं तुझ्या आईकडून कळलं. त्यांचा नंबर दे. त्यांच्याशी मी बोलते.

तुझी,
मावशी