परत बोलावणे

नव्या वाहनाला आशीर्वाद देताना किल्लीच्या कडीत ओवलेली जपमाळ आम्ही नेहमी पाहतो. २०१४ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने इग्निशन स्विचमधील दोषामुळे सुमारे २६ लाख मोटारी परत बोलावल्या, तेव्हा मालकांना सूचना होती : दुरुस्ती होईतो कडीत केवळ किल्ली ठेवा. कडीच्या भाराने वा धक्क्याने स्विच मागे सरके, धावते इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. पुढे भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

या स्विचमध्ये सुधारणा २००६ सालीच मंजूर झाली होती. परंतु सुट्या भागाचा क्रमांक जुनाच ठेवला गेला. नव्या गाड्या सुधारल्या, जुन्या तशाच धावत राहिल्या.

प्रायश्चित्त संस्काराची शिकवण हीच आहे की, पुढे न चुकणे पुरेसे नाही; झालेला अपराध उच्चारावा लागतो, हानी भरून द्यावी लागते. परत बोलावणारे पत्र हे उत्पादकाचे उशिराचे का होईना, पापनिवेदनच होय. ते घरी आल्यास फडताळात पडू देऊ नये. गाडी विकली असेल, तर नव्या मालकापर्यंत ते पोहोचवावे. अन्यथा कारखान्याचे मौन आपले होते.