भूल उतरताना

"दूध कशाचं हाये?" दादांनी विचारलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई वॉर्डात आल्या होत्या. उद्याचं औषध दुधासारखं पांढरं असतं, शिरेत जाताना जरा झोंबेल, मग काही कळणार नाही, एवढं सांगून त्या निघणार, तोच हा प्रश्न. त्या थांबल्या. "सोयाबीनच्या तेलाचं. औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून तेलात मिसळतात." दादा खिडकीकडे बघत राहिले. घनसावंगीकडच्या आमच्या रानात तेव्हा सोयाबीनच्या शेंगा भरत होत्या.

"म्हंजी आपलंच," ते म्हणाले.

त्या औषधाचं नाव प्रोपोफॉल. शंभर मिलिलिटरमागे दहा ग्रॅम सोयाबीनचं तेल, आणि ते पाण्यात धरून ठेवायला अंड्याच्या बलकातलं लेसिथिन. ते ज्यांनी शोधलं ते जॉन ग्लेन शिक्षणाने गुराढोरांचे डॉक्टर. १९८६ मध्ये ते ब्रिटनमध्ये वापरात आलं. आमच्या गोठ्यात रात्री-अपरात्री धावून आलेले पशुवैद्य आठवून मला या गोष्टीचा फार आधार वाटला.

आईचं ऑपरेशन पेंटोथालवर झालं होतं, मी लहान असताना. पिवळसर भुकटी, पाण्यात कालवून शिरेत दिलेली. डोळा लागता लागता जिभेवर लसणाची चव आली, असं ती पुढे सांगायची. संध्याकाळपर्यंत ती आमच्याकडे बघायची आणि तिला आम्ही दिसायचो नाही. पेंटोथाल मेंदूतून लवकर उतरतं, पण अंगात, चरबीत मुरतं आणि तिथून सावकाश झिरपत राहतं. काळ्या रानासारखं: वरून वाफसा दिसतो, पाय टाकला की चिखल.

दादांच्या पाठीच्या मधल्या मणक्यांत मज्जारज्जू दबला होता. बांधावरून चालताना चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना ते कळायचंच नाही. मागे वळून, बरंच अंतर चालून, ती उचलून आणणारे दादा मी पाहिले आहेत.

अशा ऑपरेशनमध्ये डोक्यावरून विजेचा बारीक झटका देतात आणि तो पायाच्या स्नायूंपर्यंत पोचतो का ते बघत राहतात. श्वासातून दिलेले भुलीचे वायू हा निरोप बराच मंद करतात, प्रोपोफॉल त्या मानाने कमी. म्हणून चार तास ते शिरेतून मोजून सोडायचं. ही सोय नव्हती तेव्हा, १९७३ मध्ये, फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ऑपरेशन चालू असताना रुग्णाला अर्धवट जागं करून पाय हलवायला लावण्याची रीत मांडली. पाठ उघडी, आणि कानाशी कुणीतरी सांगतंय, पाय हलव. मला ते वाचवत नव्हतं.

भुलीची दुसरी औषधंही आहेत. केटामाइन लहान गावांतल्या दवाखान्यांचा मोठा आधार. त्यात श्वास सहसा टिकून राहतो, पण उठताना काहींना भलतंसलतं दिसतं. डेक्समेडेटोमिडिनने दुखण्याची औषधं कमी लागतात, पण नाडी मंदावते. दादांची नाडी मुळातच मंद, म्हणून बाईंनी ते टाळलं. प्रोपोफॉलनंतर मळमळही कमी होते. ताजे टाके असलेल्या पाठीला उमासे सोसत नाहीत.

आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १८८८ आणि १८८९ मध्ये, हैदराबादेत डॉक्टर एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्मच्या भुलीची चौकशी केली. श्वासाकडे लक्ष द्या, हृदयाला धोका नाही, हा त्यांचा निष्कर्ष. श्वासाचं खरं होतं. हृदयाचं चुकलं, हे १९११ मध्ये लेव्ही नावाच्या संशोधकाच्या प्रयोगांतून दिसलं. तेव्हा माणूस उठेल का, एवढाच घोर असायचा. दारापाशी उभी राहून मी मात्र तो कसा उठेल याचा घोर करत होते. ओळखेल ना? पाय हलवेल ना? मराठीत विसरालाही भूल म्हणतात, आणि रात्री रानात वाट चुकवणारीही भूलच. ती उतरली की माणसाला आपलं शिवार ओळखू येतं.

मला आत बोलावलं तेव्हा दादांचे डोळे मिटलेले होते, ओठ कोरडे. बाई वाकल्या. "आजोबा, अंगठा हलवा."

काहीच झालं नाही. मॉनिटरचा टिकटिक आवाज.

मग दादांनी डोळे न उघडता विचारलं, "कोणचा?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या.

पांघरुणाखाली आधी उजवा हलला. डाव्याला थोडा वेळ लागला.