आपोआप

माझी निम्मी हयात काचेच्या एका तुकड्यावर गेली, असं म्हटलं तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तळहाताएवढी जाड काच. तिच्यावर झिंक ऑक्साइडची भुकटी आणि शेजारी फॉस्फोरिक आम्लाचे मोजके थेंब. भुकटी एकदम लोटायची नाही. थोडी थोडी घ्यायची आणि सबंध काचेवर पसरून घोटायची, म्हणजे मिश्रणात निर्माण होणारी उष्णता काच पिऊन टाकते. घोटायची पट्टी वर उचलली की इंचभर तार निघाली पाहिजे. लाडवांचा पाक करणारांना हे निराळं सांगायला नको! काच थंड हवी. पण मुंबईच्या जुलैत ती फार थंड केली तर तिच्यावर दव धरतं आणि सिमेंट नासतं. आणि हा सारा खटाटोप दीड मिनिटात.

गंमत अशी, की एवढं घोटूनही ते फॉस्फेट सिमेंट दाताला चिकटत नाही. दात आणि कॅप यांच्या खाचाखोचांत ते शिरतं आणि पाचरीसारखं अडकून बसतं, इतकंच. दात उंच असेल तर कॅप वर्षानुवर्षं हलत नाही. बुटका असेल तर देवाचं नाव घ्यायचं.

पुढे रेझिनची सिमेंटं आली. ती खरोखरच चिकटत. पण त्यांचं सोवळं फार. आधी दाताला आम्ल लावा, धुवा, सुकवा पण कोरडा ठक्क करू नका, मग एक द्राव, मग दुसरा. आणि २००२ साली त्याहून नवल बाजारात आलं : आपोआप चिकटणारं सिमेंट. आम्लही त्यातच आणि चिकटाही त्यातच. नळीतून बाहेर येताना ते चांगलंच आंबट असतं. त्यातले फॉस्फेटयुक्त रेणू दाताचा वरचा थर किंचित खातात आणि तिथल्या कॅल्शियमला बिलगतात. उरलेला आंबटपणा सिमेंटमधल्याच काचेच्या कणांशी झुंजून ओसरतो. तो ओसरायलाच हवा. आंबट राहिलेलं सिमेंट पुढे पाणी शोषत राहतं.

काही वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. खालची दाढ झिजून अगदी बुटकी झालेली. मी हे नवं सिमेंट काढलं. पण ‘आपोआप’ या शब्दावर माझ्या पिढीचा विश्वास नाही. आपोआप काय होतं? दूध उतू जातं! तेव्हा मी आपला जुना इमान राखून सबंध दाढेला निळं आम्ल लावलं, धुतलं, आणि मग कॅप बसवली.

संक्रांतीनंतर बाई कॅप रुमालात बांधून आल्या. “डॉक्टर, गोड बोलायचे दिवस आहेत म्हणून काही बोलत नाही,” त्या म्हणाल्या, “पण तिळाच्या वडीचं इतकं मनावर घ्यायचं का?”

“वडी चिकट असते, बाई,” मी म्हटलं. आणि तो दोष वडीवर तसाच राहू दिला.

पण कॅप उलटी करून पाहिली तेव्हा सारं सिमेंट आत शाबूत होतं. दात मात्र धुतल्यासारखा स्वच्छ. म्हणजे ते दाताला धरलंच नव्हतं. वर एका कडेला कीड शिरलेली. ती काढताना आधीच बुटकी दाढ आणखी बुटकी होणार होती. तात्पुरती कॅप घालून मी बाईंना आठवड्याने बोलावलं.

रात्री मुलीला सांगितलं. तीही याच धंद्यात आहे. “बाबा, डेंटिनला ॲसिड लावलंत?” तिने विचारलं. आम्लाने डेंटिनमधलं खनिज निघून जातं आणि कोलॅजेनच्या धाग्यांचं ओलं जाळं मागे उरतं. पातळ द्राव त्यात झिरपतो. हे दाट सिमेंट वरच्यावर राहतं. ज्या कॅल्शियमचा हात त्याने धरायचा, तोच मी धुऊन टाकला होता! इनॅमलचं मात्र उलट. तिथे या सिमेंटचा आंबटपणा अपुरा पडतो, म्हणून तेवढ्यापुरतं वेगळं आम्ल लावलेलं बरं. १९५५ साली ब्युओनोकोर यांनी आम्लाची युक्ती दाखवली तीही इनॅमलवरच. हे मी मुलांना शिकवलेलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी आधी बाईंना खरं काय ते सांगितलं. वडीची चूक नव्हती. माझी होती, आणि ती निष्काळजीपणाची नव्हती, फाजील काळजीची होती. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. “गणितात जास्तीच्या पायऱ्या लिहिणारी मुलं असत,” त्या म्हणाल्या. “मी त्यांचे मार्क कापत नसे. पण त्यांची उत्तरं चुकलेली नसत.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी दाढ नुसती प्युमिसच्या भुकटीने आणि पाण्याने घासली, ओल टिपून घेतली, आणि हात आवरला. कॅप मात्र बोटाने जोर लावून दाबून धरली. हे सिमेंट दाबाखाली सैल होऊन पसरतं. कडेला क्षणभर दिवा दाखवताच बाहेर आलेलं सिमेंट सायीसारखं सुटून आलं. आत, जिथे उजेड पोचत नाही, तिथे ते आपल्या आपण घट्ट होत होतं. तेवढी पाच मिनिटं मला फार लांब वाटली.

बाईंनी जिभेने दाढ चाचपून पाहिली. “आता वडी चालेल?”

“आज नको,” मी म्हटलं.