उद्या ये

परग्रहावरच्या मंडळींची एक गंमत वाटते. जवळ याने, किरणास्त्रे, सगळा जामानिमा. पण शेवटी माणसाच्या डोळ्यांत डोळे घालूनच त्याला वश करतात. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’मध्ये १९७१ साली रॉजर डेलगाडोचा ‘मास्टर’ अवतरला. टोकदार दाढी, मऊ आवाज. नाव सांगून हुकूम सोडला की समोरचा गार. ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉक जरा सोवळ्यातला. १९६६ साली तो पहिल्यांदा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बोटं टेकवून मनात शिरला, तोही नाइलाजाने.

बेंगळुरूच्या भुताला यातलं काहीच लागलं नाही. नव्वदच्या दशकात इथे आवई उठली, की रात्री एक बाई दार ठोठावते आणि घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. दार उघडलं की संपलं. लोकांनी दारांवर कन्नडमध्ये लिहून ठेवलं, ‘नाळे बा’. उद्या ये. ती वाचणार, माघारी फिरणार, दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचणार. २०१८च्या ‘स्त्री’ या हिंदी चित्रपटाने हीच कथा चंदेरीला नेली.

अंगारा नाही, उतारा नाही. तोडगा थेट कचेरीतल्या कारकुनाचा! भुरळ घालायला आलेलीच निमूट आज्ञा पाळते. शिवाय तिला कन्नड वाचता येतं. मला इतक्या वर्षांत बसच्या पाट्यांपलीकडे मजल मारता आलेली नाही.

आमची कोकणातली आजी म्हणायची, रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तिसरीची वाट बघायची. भुताला तेवढा धीर नसतो म्हणे.

धीर नसतो हे खरंच. हल्ली हाक व्हिडिओ कॉलवर येते. खाकी गणवेश, मागे ठाण्याचा देखावा, आणि ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, कॅमेऱ्यासमोरून उठू नका, कोणाशी बोलू नका’. कायद्यात अशी अटकच नाही. तरी याच शहरातली, संगणकावर पोट भरणारी माणसं दिवसचे दिवस जागची हलली नाहीत, सांगितलं तिथे पैसे भरत राहिली. उद्या फोन करा, एवढंच त्यांच्या तोंडून फुटत नाही. मास्टरला हेवा वाटावा.

परवा रात्री साडेदहाला दार वाजलं. “अहो, मी आलेय.” आवाज हुबेहूब बायकोचा. मी मुद्दाम गप्प बसलो. दुसरी हाक. तीही गोड. तिसरी मात्र अशी आली, की कडी काढायला मी धावलोच.