सवाष्ण

आमच्या परसातल्या जुन्या हौदात कोई मासे आले, त्यात एक पांढरीशुभ्र होती. कपाळावर तेवढा वाटोळा लाल ठिपका. जपानात अशा कोईला तांचो म्हणतात, डोक्यावर लाल टिळा असलेल्या तिथल्या क्रौंच पक्ष्यावरून. झेंड्याशी साम्य म्हणून तिला मानही मोठा. सासूबाईंनी एकदाच वाकून पाहिलं. "अगं, ही तर सवाष्ण!" नाव ठरलं.

मला हौदात फुलं हवी होती. पसरट घमेल्यात चिकणमाती भरून मी कुमुदाचे कंद लावले. सवाष्णीनं वास काढला. ओठांशेजारच्या चार मिशांनी माती चाचपायची, तोंडभर घ्यायची, आत चाळायची आणि नको ते फुर्रकन थुंकायचं. दोन दिवसांत पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि कंद वर तरंगू लागले. तिचा दोष नव्हता. निइगाताच्या डोंगरातले शेतकरी भातशेतीच्या तळ्यांत खाण्यासाठी काळे कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांतूनच रंगीत मासे निवडले गेले, आणि १९१४ च्या टोकियोच्या प्रदर्शनानंतर ते सगळ्या जपानला ठाऊक झाले. आपल्या धरणांतून बाजारात येणारा सायप्रिनस याच जातीचा. चिखल उकरणं ही यांची पिढीजात सवय, रंग बदलल्यानं ती थोडीच जाणार!

मग मातीवर नदीतले गोटे रचले, तिच्या तोंडात मावणार नाहीत एवढे. पण सवाष्ण वाढत होती आणि तोंडही. वीतभरावरून ती हातभर झाली, तोवर गोटेही लिंबाएवढ्यावरून मुठीएवढे झाले होते. कुमुद मात्र टिकलं. कमळाचा नाद मी सोडला. त्याला सहा तास तरी कडक ऊन हवं आणि आमच्या हौदावर दुपारनंतर आंब्याची सावली.

जलपर्णीनं नद्या गुदमरतात म्हणे. आमच्याकडे उलट प्रकार. खाली लोंबणारी मुळं सवाष्ण कुरतडून टाकी. शेवटी फळांचं जाळीदार क्रेट तरंगत ठेवलं आणि थोडी जलपर्णी त्यात सुरक्षित ठेवली, थोडी मोकळी सोडली. एकदा फेब्रुवारीत पहाटे खळखळाट ऐकू आला. नर तिला रेटत होते आणि मोकळ्या मुळांवर मोहरीएवढी पारदर्शक अंडी चिकटत होती. दुपारी पाहिलं, तर आईसकट सगळे ती अंडी मिटक्या मारत खात होते. सासूबाई दिवसभर सवाष्णीशी बोलल्या नाहीत.

बाकीची झाडं मग हौदाबाहेरच काढली. पंपाचं पाणी आधी शेजारच्या उथळ टाकीत सोडायचं. तिथं खडीत वेखंड, कर्दळ आणि अळू. माशांच्या विष्ठेतला नत्र मुळं ओढून घेतात, पाणी निवळून परत हौदात. अळूची पानं सुपाएवढी झाली आणि श्रावणात वड्यांना बाजारात जावं लागेना. काठावरची कण्हेर पुढच्या अंगणात हलवली. पूजेच्या फुलांसाठी सासरे कुरकुरले, पण तिचं पान-पान विषारी आणि वाऱ्यानं ती पानं हौदात पडत.

मे महिन्यात वेगळं संकट. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि रात्री झाडंही तोच वापरतात. वीज जाऊन पंप थांबला, की पहाटे सवाष्ण पृष्ठभागाशी तोंडाचा चंबू करून उभी असे. तेव्हापासून उन्हाळ्यात कुमुदाची पानं छाटायची, निम्मा हौद उघडा ठेवायचा. सावली दुपारपुरती पुरे.

ती गेली एका थंडीत, आजाराची काही लक्षणं न दाखवता. बाकीचे मासे आहेत, ठिपका कुणालाच नाही.

कोई पाळणार असाल, तर कमळाचे पैसे आधी चांगल्या पंपात घाला. कर्दळ आणि अळू शेजारी मागितले की कुणीही फुकट देतं.