अर्धी बाटली पाणी

मुलांनो, सायकलवर बिऱ्हाड बांधून तुम्ही कधी लांब गेला आहात का? शाळेपर्यंत नव्हे हं! पहाटे निघायचं, दिवसभर पायडल मारायचं आणि दिवेलागणीला परक्या गावी उतरायचं. एका फाल्गुनातल्या रविवारी मी आणि माझा मित्र असेच निघालो. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या पुसेगावाहून थेट औंढा नागनाथला! देवदर्शन होणारच होतं, पण खरी ओढ होती ती वाटेतल्या रानाची.

मित्र माझा पहिलीपासूनचा सोबती. आता पिठाची गिरणी चालवतो. गिरणीच्या खडखडाटानं त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य दोनदा व्हायचं. सायकली दोघांच्याही साध्या, काळ्या, बिनगिअरच्या.

सामान बांधायचं काम मात्र त्याचं. जड वस्तू तळाशी आणि मधोमध. ओझं एका बाजूला गेलं की सायकल तिकडेच ओढते, आणि उंच बांधलं तर वळणावर डुलते. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यानं सगळं कॅरिअरला असं आवळलं, की खड्ड्यातसुद्धा हललं नाही. भाकरी, ठेचा, एकेक चादर, हवेचा पंप, पंक्चरचं सामान आणि चार बाटल्या पाणी. आणखी काय लागतं माणसाला?

नर्सीला उजाडलं. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणतात ते हेच, कयाधू नदीच्या काठचं. हिंगोलीत चहा घेतला. पुढे मित्रानं डांबरी रस्ता सोडला. त्याच्या मामाचं गाव त्या बाजूला, म्हणून गाडीवाटा त्याला पाठ. वनरक्षकांनाही आधी विचारून ठेवलेलं. चाकोऱ्या टेकड्यांत शिरल्या आणि पळस दिसू लागले. अंगावर पान नाही, नुसती केशरी फुलं! सागाची वाळलेली पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. एकदा तर समोरून रोही आडवा गेला. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे पाहिलंन्‌ पाहिलं आणि उड्या मारत नाहीसा झाला.

दुपारी बाराच्या सुमारास माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, दुसरं काय!

टायर सोडवून ट्यूब बाहेर काढली. पंक्चरवाले काय करतात, तुम्ही पाहिलंच असेल. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवतात, बुडबुडे आले की भोक सापडलं. पण आमच्यापाशी उरलं होतं अर्धी बाटली पाणी. ऊन तर मी म्हणत होतं. पाणी ट्यूबवर ओतायचं की प्यायचं? मी ट्यूबमध्ये हवा भरून ती कानाशी धरली. पण पानांची सळसळ इतकी, की काही केल्या सुस्स ऐकू येईना.

"आण इकडं," मित्र म्हणाला. त्यानं जिभेनं ओठ ओले केले आणि ट्यूब ओठांजवळून हळूहळू फिरवू लागला. एका जागी थांबला. "हे बघ, इथं गार लागायलंय." ओल्या ओठावर हवेचा झोत आला की ओल उडते आणि गारवा लागतो. गुरुजी मी, पण धडा गिरणीवाल्यानं दिला!

भोकाभोवती पॉलिश पेपर घासला, सोल्युशन लावलं. ते वाळू द्यावं लागतं, नाहीतर ठिगळ सरकतं. तेवढ्या वेळात मी त्याला 'लायगो'ची गोष्ट सांगितली. औंढा तालुक्यातच दुधाळ्याजवळ ही मोठी वेधशाळा व्हायची आहे. 2023 साली केंद्र सरकारनं तिच्या उभारणीला मंजुरी दिली. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येक चार किलोमीटर लांब, आणि आत लेसरचा प्रकाश. अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की गुरुत्वीय लहरी उठतात. त्या इथून जाताना नळ्यांची लांबी अणूच्या केंद्रातल्या कणापेक्षाही कितीतरी कमी बदलते. तेवढं मोजायचं! अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी अशी लहर पहिल्यांदा टिपली. जवळून ट्रक गेला तरी जमीन थरथरते, म्हणून जागा शांत लागते. हे सगळं मी त्याला ओरडून सांगत होतो, बरं का!

"म्हंजे माझ्या गिरणीला तिथं जागा नाही," तो म्हणाला.

ठिगळ दाबून बसवलं. टायरच्या आत फडकं फिरवून त्यानं काट्याचं टोक शोधून काढलं. ते राहिलं असतं तर पुन्हा पंक्चर. मग दोघांनी दोन-दोन घोट घेतले आणि बाटली रिकामी झाली. घसा कोरडा, तोंडातून शब्द निघेना. चढावर उतरून सायकली ढकलल्या.

कोसभरानं एक आखाडा लागला. लिंबाखाली रांजण, आणि शेजारी एक आजी हरभरा झोडत बसलेल्या. त्यांनी काही न विचारता आधी तांब्या पुढे केला. तिसरा तांब्या संपल्यावर विचारलं, "कुठले रे बाबांनो?"

"पुसेगावचे, आजी."

त्यांनी आमच्या सायकली, गाठोडी न्याहाळली. "अन्‌ एवढ्या लांबून सायकलीवर? येष्टी बंद हाय का?"

मित्राला ते ऐकू आलं नाही. मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, तेव्हा तो हसता हसता लिंबाखाली आडवाच झाला. आजींनी चारही बाटल्या भरून दिल्या.