शून्य अंशाचा प्रवास

फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीकडून न्हावा शेवा बंदराकडे निघालेले पांढरे कंटेनर रस्त्यावर लगेच ओळखू येतात. ट्रेलरवर जनरेटर घरघरत असतो आणि आत युरोपला निघालेली द्राक्षं असतात. निर्यातीच्या कामात असताना असे रीफर, म्हणजे शीत कंटेनर, मी पॅकहाउसपासून बंदरापर्यंत पोचवत असे. कंटेनर म्हणजे मोठा फ्रीज, माल आत टाकला की थंड होणार, असं तेव्हा कितीतरी बागायतदार मानून चालत.

रीफर थंड माल फक्त थंड ठेवतो. घडातली उन्हाची धग काढणं प्रीकूलिंगचं काम, म्हणून द्राक्षं तिथे शून्य अंशाच्या आसपास आणून मगच भरतात. कंटेनरमधली गार हवा फरशीच्या खाचांतून येते, पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर थर गेला की ही परतीची वाट तुंबते. चार पेट्या जास्त बसवण्यापायी अख्खा माल धोक्यात घालणारं लोडिंग मी पाहिलं आहे, आणि त्याचा संताप आजही येतो.

टर्मिनलच्या गेटवर कंटेनर नंबर, सील आणि फॉर्म १३ हा प्रवेश परवाना तपासला जातो. १ जुलै २०१६पासून प्रमाणित वजनाची नोंद नसेल तर भरलेला कंटेनर जहाजावर चढत नाही.

खरी कसोटी पुढे, यार्डात. रीफरसाठी तिथे लोखंडी जिने आणि मजले असलेले रॅक उभे असतात. जनरेटरची केबल निघते, रबरी चाकांची आरटीजी क्रेन डबा उचलून जागेवर ठेवते. मग रीफर टेक्निशियन जिना चढतो, जाड केबल ओढून थ्री-फेज प्लग बसवतो आणि यंत्र सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत हलत नाही. नंतर पडद्यावरचे आकडे वहीत उतरतात : सेट उणे ०.५, सप्लाय उणे ०.४, रिटर्न ०.३. जाणता माणूस आधी रिटर्न बघतो. मालावरून फिरून आलेली ती हवा असते. ती गरम असेल तर पॅकहाउसमध्ये काय झालं ते तिथेच उघडं पडतं.

जहाज लागलं की पुन्हा प्लग निघतो. डबा धक्क्यावर जातो, क्वे क्रेन तो उचलते आणि जहाजावर परत वीज जोडली जाते. मधला वेळ जाड इन्सुलेशन निभावून नेतं. पण मार्चच्या दुपारी उरणच्या उन्हात ट्रेलर रांगेत अडकला आणि जनरेटरचं डिझेल संपलं, तर निभावण्यालाही मर्यादा आहे.

२६ मे १९८९ रोजी सुरू झालेलं हे बंदर आज वर्षाला ७० लाखांहून जास्त टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापात) हाताळतं. एवढ्या पसाऱ्यात एक प्लग वेळेवर लागतो तो शिफ्टमधल्या त्या माणसांमुळे. निर्यातीच्या यशोगाथांत त्यांचं नाव कुठेच येत नाही, ते यायला हवं.

२०२३च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोप गाठू लागली आणि प्रवास आठवड्या-दीड आठवड्याने लांबला. तेव्हापासून पॅकहाउसमधली चूक आणखी महाग पडते. म्हणून बागायतदारांना सांगणं आहे, दर ठरला की निर्धास्त होऊ नका. दार बंद होण्याआधी मण्यात थर्मामीटर टोचून स्वतः तापमान बघा, आणि माल पोचल्यावर निर्यातदाराकडून प्रवासातलं तापमान नोंदवणाऱ्या डेटा लॉगरचा आलेख मागून घ्या.